मानशीची फळी कोण उचलणार?

चवथीला भाचा घरी आला होता. पुण्यात एका वास्तुविशारदाकडे काम करतो, अजून तिशीच्या आत आहे. जेवणं झाली, खतखतं डोळ्यांवर आलं होतं, आणि हा गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली मांडी घालून लॅपटॉप उघडून बसला. कुठल्याशा स्पर्धेसाठी त्याने मांडवीकाठच्या एका नव्या वसाहतीचा आराखडा केला होता. पणजी आणि रायबंदर यांच्यामधला जुन्या मिठागरांचा आणि खाजनांचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यातून मिळवलेल्या शेतांचा, पट्टा, त्यात पन्नास हेक्टर भराव, नदीला धरून फिरायची फरसबंद वाट, आठ-दहा मजल्यांची घरं, घरांखाली दुकानं, मागच्या रांगेत कचेऱ्या, टोकाला बोटींसाठी धक्का. चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोला. संध्याकाळचं ऊन, काचांमध्ये पडलेली नदी, सायकलवरून जाणाऱ्या मुली.

मी विचारलं, "पाऊस कुठे आहे?"

तो हसला. मग माझ्या लक्षात आलं की पाऊस तर नाहीच, ओहोटीही नाही. असल्या चित्रांत नदी कायम भरतीची असते. सुकतीला उघडा पडणारा काळा चिखल, त्यात खुबे वेचायला वाकलेल्या बायका, हे कोणी रंगवत नाही.

"मामा, लगेच तोंड वाकडं करू नकोस," तो म्हणाला. "पणजी तरी काय आहे? भरावच ना?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. गोव्यात अशा प्रकल्पांना विरोध करणारे आपण बहुतेक जण भरावावरच राहतो, भरावावरच्या कचेरीत बसतो आणि तिथूनच निवेदनं लिहितो. पणजी हे एकेकाळी दलदलीच्या कडेचं खेडं होतं. १८२६ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू याने ती दलदल बुजवली, सरळ रस्ते आखले. कांपाल हे नाव त्याच्याच नावाच्या मैदानावरून आलं. १८४३ साली पणजी राजधानी झाली ती त्या बुजवलेल्या जमिनीवर. मुक्तीनंतर ओरेमच्या खाडीपलीकडे पाटोची खाजनवजा दलदल सरकारी महामंडळाने भरली आणि तिथे बँका, सरकारी कचेऱ्या, हॉटेलं उभी राहिली. कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय तिथेच आहे. त्या ग्रंथालयात बसून मी स्वतः किती दुपारी काढल्या त्याची गणती नाही. तेव्हा भाच्याला 'भराव म्हणजे पाप' असं सांगायचा अधिकार मला नाही.

पण भराव आणि भराव यांत फरक असतो, आणि तो फरक याच पट्ट्यात, त्याच्या आराखड्याच्या अगदी काठावर, जवळपास चारशे वर्षं उभा आहे. पणजीहून रायबंदरला जाणारा लांबलचक बांध-रस्ता. कोंद द लिन्यारिश व्हाइसरॉय असताना, १६३० च्या दशकात, तो बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटर. आज त्यावरून बसमधून जाताना तो रस्ताच वाटतो, पण तो पूल आहे. पोर्तुगीज नावातच 'पोंत' आहे. खाली कमानी आहेत. अमावास्येच्या आसपास, ओहोटी लागल्यावर एखाद्या कमानीजवळ उतरून उभं राहावं. आतल्या बाजूचं पाणी असं खेचत बाहेर निघतं की पायाखालची गिट्टीही सरकते. बांधणाऱ्यांना दलदलीतून रस्ता हवा होता, आणि तो त्यांनी काढला. पण पाण्याची ये-जा त्यांनी थांबवली नाही. त्यांना ही अक्कल कोणी दिली हे मला ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. मात्र ज्या मजुरांनी तो बांधला, त्यांच्या गावात पाणी कसं वागवायचं याचा पाठ त्याआधी हजार वर्षं तरी चालू होता.

तो पाठ म्हणजे खाजन. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो, गोव्यातल्यांनी हे परिच्छेद ओलांडून गेलं तरी चालेल (पण जाऊ नका, कारण आपल्यातल्याही निम्म्यांना हे आता ठाऊक नाही). नद्यांच्या मुखाशी, भरतीचं खारं पाणी जिथवर चढतं तिथली सखल जमीन बांध घालून शेतीखाली आणली, ती खाजन जमीन. सुमारे १८,००० हेक्टर, म्हणजे सगळ्या गोव्याचा जवळजवळ विसावा हिस्सा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका ताम्रपटात 'खज्जन' हा शब्द सापडतो. म्हणजे पाण्यातून जमीन मिळवण्याचा उद्योग आपल्याकडे दुबईवाल्यांनी आणला नाही. गोव्याचा सगळ्यात मोठा 'रिक्लमेशन' प्रकल्प गावकऱ्यांनी फावड्याने केला आहे.

आता तो चालतो कसा ते पाहा. माझं आजोळ तिसवाडीतल्या एका खाजनाच्या काठी. बांध चिखलाचा, नदीच्या अंगाला जांभ्या दगडांचा चढाव. बांधाच्या पलीकडे खारफुटी, लाटेचा मार पहिल्यांदा तिने खायचा. बांधाच्या आत शेत, आणि शेतात सगळ्यात सखल जागी एक पाण्याची लांबट पट्टी, तिला पोंय म्हणतात. जिथे पोंय नदीला मिळते तिथे बांधात दगडी चौकट, तीत लाकडी कवाडं. ही मानस. भरती चढू लागली की पाण्याच्याच रेट्याने कवाडं मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना मोटार, ना वीज. किती पाणी आत ठेवायचं ते खाचेत बसवलेल्या फळ्यांनी ठरतं, आणि ती फळी कधी घालायची, कधी उचलायची हे ठरवायला माणूस लागतो. माझे आजोळचे एक काका हे काम करायचे. रात्री-अपरात्री भरतीच्या वेळा धरून कंदील घेऊन बांधावर जायचे. एकदा मी लहान असताना त्यांच्याबरोबर गेलो होतो. कवाडाच्या फटीतून पाणी फिसफिसत होतं, त्यांनी वाकून चिखलाचा गोळा फटीत दाबला आणि अंगठ्याने सारवला, आजी चुलीला पोतेरं देते तसा. मी विचारलं, सगळी फट का बुजवत नाही? ते म्हणाले, "उदकाक वाट जाय," पाण्याला वाट हवी, आणि पुढे चालू लागले.

पावसाळ्यात डोंगरावरून आलेलं गोडं पाणी शेतात तुंबतं, ते खार धुऊन काढतं, मग कोरगुटचं भात येतं. हे भात थोडा खार सोसतं. भात कापल्यावर कुठे वायंगण म्हणजे उन्हाळी भात, कुठे मिठागर, कुठे मासळी. मानशीवर जाळं लावायच्या हक्काची दरवर्षी पावणी होई. बोली ज्याची मोठी, वर्षभराची मासळी त्याची. आणि ते पैसे मुख्यतः बांधाच्या डागडुजीला. ज्या पाण्याचं भय, त्याच पाण्याकडून त्याला रोखायचा खर्च वसूल. गावकरी म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीचा कारभार पाहणारी जुनी संस्था; मला तर ही तिच्यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. देवळं, कोमुनिदादी (गावकरीचं पोर्तुगीज नाव), झोण (तिच्या उत्पन्नातला सभासदांचा वाटा) यांबद्दल आपण खूप बोलतो. या हिशेबाबद्दल बोलत नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. पाण्याकडून घेतलेली जमीन एकदा विकत घेऊन संपत नाही. ती रोज दोन वेळा पुन्हा मिळवावी लागते. खाजनाने हे ओळखलं होतं, म्हणून त्याने बांधाबरोबर बांधाचा माणूस, बांधाचं उत्पन्न आणि बांध फुटला तर कोणी धावायचं याचा नियमही केला. भरावाची वसाहत उलट चालते. ती जमीन उंच करते, विकते, आणि ज्याने उंच केली तो शेवटचा फ्लॅट विकला गेला की निघून जातो. पाण्याचं काम मात्र उरतं. ते कोणाकडे जातं? नगरपालिकेकडे, आणि तिच्याहून आधी शेजारच्या सखल वाड्याकडे.

थोडा हिशेब करू, साधाच. एक हेक्टर खाजनात एक मीटर पाणी उभं राहिलं तर ते दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. मुसळधार पावसाच्या दिवशी, वर भरती असताना, हे एक कोटी लिटर गावाच्या बाहेर थांबलेलं असतं; ओहोटी लागेपर्यंत वाट पाहत. तुम्ही तो हेक्टर भरला की त्या पाण्याने थांबायचं कुठे? भाच्याचे पन्नास हेक्टर म्हणजे पन्नास कोटी लिटर. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि मांडवीत अमावास्या-पुनवेला भरती आणि ओहोटी यांत दोन मीटरांहून जास्त फरक पडतो. पाऊस आणि मोठी भरती यांची गाठ पडणं ही दुर्मीळ आपत्ती नव्हे, ते दर पावसाळ्याचं पंचांग आहे.

पणजीतल्या मळा या वस्तीला विचारा. डोंगराच्या पायथ्याशी, ओरेमच्या खाडीलगत. अल्तिनोच्या टेकडीवरून उतरलेलं पाणी एका अंगाने, खाडीतलं चढलेलं पाणी दुसऱ्या अंगाने. खाडीपलीकडच्या पाटोची जमीन उंच झाली, आणि मळ्यातल्या लोकांना पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवायची सवय लागली. पंप बसवले आहेत. पंप म्हणजे विजेवर चालणारी मानस, एवढंच. फरक असा की वीज गेली की ती मानस उरत नाही, आणि वादळी पावसात आपल्याकडे वीज कधी जाते ते सांगायला नको.

माझा स्वतःचा अनुभवही फार गोड नाही. पणजीजवळ मेरशीच्या बाजूला पंधरा वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅट घेतला. बिल्डरच्या पत्रकात 'शेतांचा विहंगम देखावा' असं लिहिलं होतं. देखावा खराच होता, दोन वर्षं टिकला. मग शेताच्या जागी टिपर येऊ लागले, लाल माती पडली, आमच्या समोर आमच्यापेक्षा चार हात उंच जमीन झाली, तिच्यावर आमच्यापेक्षा उंच इमारत. पुढच्या पावसात आमच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर तरंगली. आम्ही सोसायटीतर्फे सगळीकडे पत्रं दिली. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीकडे पाठवलं, दुसरीने सांगितलं की समोरच्या इमारतीकडे सगळे परवाने आहेत. आणि ते होते! तेवढ्यात आमच्यातले एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले की मंडळी, आपली इमारत उभी राहिली तेव्हा मागच्या वाड्यात पाणी शिरलं होतं, तेव्हा आपण पत्रं दिली नाहीत. बैठक तिथेच संपली.

मातीचाही हिशेब आहे. पन्नास हेक्टर जमीन दोन मीटर उंच करायची तर दहा लाख घनमीटर माती लागेल. एका टिपरमध्ये दहा घनमीटर धरा; एक लाख फेऱ्या. रोज शंभर टिपर चालले तरी जवळजवळ तीन वर्षं. आणि ही माती नदीतून येत नाही, ती कुठल्यातरी डोंगराची असते. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं या दोन्हींवर एकाच कलमात, १७अ मध्ये, निर्बंध घातला आहे. कायदा करणाऱ्याने हे दोन गुन्हे एकत्र का ठेवले असतील याचा विचार केला की तो माणूस मला शहाणा वाटतो. खड्डा बुजतो तेव्हा कुठेतरी एक डोंगर बसलेला असतो. त्यात खाजनातली मूळ माती म्हणजे लोण्यासारखी मऊ सागरी चिकणमाती, वर बोजा पडला की ती वर्षानुवर्षं दबत राहते. इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर, उभी असते, ती बसत नाही. रस्ता, गटार, मलवाहिनी बसतात. गटाराचा उतार उलटा झाला की पाणी कुठे जातं, ते घरात.

मुंबईचा दाखला कोणी ना कोणी देतंच. मुंबई भरावावर उभी आहे आणि देशाची तिजोरी आहे, मग गोव्याने का घाबरायचं? मुंबईचा दाखला जरूर घ्यावा, पण पूर्ण घ्यावा. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइडच्या सरकारने बॅकबेची योजना काढली, ११४५ एकर समुद्र बुजवायचा होता. खर्च फुगला, यंत्रं नीट चालली नाहीत, गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रात गेला, आणि शेवटी निम्म्याहूनही कमी जमीन हाती आली. त्या कारभारावर तोफ डागली ती खुर्शेद नरिमन यांनी. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते सुटले. पुढे त्याच भरावाच्या टोकाला जे कचेऱ्यांचं जंगल उभं राहिलं त्याला नाव दिलं नरिमन पॉइंट. ज्याने भरावाचा गैरकारभार उघडा पाडला त्याचंच नाव भरावाला! असा विनोद करायला सरकारच लागतं.

आणि बीकेसी. मिठी नदीच्या मुखाशी खारफुटीची दलदल होती, ती भरून वांद्रे-कुर्ला संकुल झालं. चकाचक झालं, यशस्वी झालं, त्यात वाद नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीने कुर्ला, कलिना गिळलं. नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मिठीच्या पात्रावर झालेली आक्रमणं, तिचं आक्रसणं, सगळं मांडलं. अमुक इतकं पाणी बीकेसीमुळे चढलं असं एका इमारतीकडे बोट दाखवून कोणालाच सांगता येत नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. भरावाचा नफा मोजता येतो, सातबाऱ्यावर येतो. त्याने ढकललेलं पाणी शंभर घरांत वाटलं जातं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

एवढं सगळं लिहून मी खाजनाचं स्तोत्र गातो आहे असा कोणाचा समज व्हायला नको. आज बहुतेक खाजनांची अवस्था वाईट आहे. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे जमीन कसणाऱ्याकडे गेली, आणि जायलाच हवी होती. गावकरीत ज्यांच्या घामाने बांध उभा राहिला त्यांचं नाव झोणाच्या यादीत कधीच नव्हतं, हे विसरून 'कोमुनिदादींच्या काळी सगळं कसं छान होतं' असं म्हणणारे लोक मला सहन होत नाहीत. पण कोमुनिदादीचा बांधातला जीव गेला, तो नव्या शेतकरी संघांच्या अंगात पुरता शिरला नाही. संघ कागदावर राहिले, पावणी चालू राहिली, बांधाचा खर्च मात्र 'सरकार करेल' यावर आला. मग मासळीला भाव आला तसे मानशीचे ठेकेदारच फळी वेळेवर घालेनात, कारण खारं पाणी आत जितकं जास्त तितकी कोळंबी जास्त. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले गेले. शेत खारावलं, दोन पावसाळे पडीक राहिलं, तिथे खारफुटी आली, आणि खारफुटी आली की कायद्याने त्या जमिनीला हात लावायचा नाही. शेतकरी आपल्याच शेताकडे पाहत उभा. शेवटी कोणी भाव घेऊन आला की तो कंटाळून हो म्हणतो. त्याला दोष देणं सोपं आहे. ज्याला बांधाचा खर्च परवडत नाही, त्याला 'वारसा जप' म्हणणारे आपण सगळे तिसऱ्या मजल्यावर राहतो.

म्हणूनच मला भाच्याच्या आराखड्याचा खरं तर राग आला नाही. तो निदान प्रामाणिक आहे. पन्नास हेक्टर भरायचे आहेत असं तो एका कागदावर, एका नकाशात, एका आकड्यात सांगतो. त्यावर जाहीर सुनावणी होऊ शकते, लोक ओरडू शकतात, न्यायालय विचारू शकतं. गोव्याच्या किनाऱ्याचं जे चाललं आहे ते याहून वाईट आहे. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे. खाजन जमिनींचे नकाशे करा, त्यांत कोणतंही विकासकाम होऊ देऊ नका, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आणि दुसरीकडे नगरनियोजन कायद्यात २०१८ मध्ये १६ब आलं, २०२३ मध्ये १७(२) आलं, २०२४ मध्ये ३९अ आलं. आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करायची, एक तुकडा शेतातून वसाहतीत टाकायचा, परत पुढच्या बैठकीत दुसरा तुकडा. १७(२) खालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. पण एवढं पुरे नाही, कारण सवय कायद्यातून नाही, आपल्या बघण्यातून आली आहे. दोन हजार चौरस मीटर भरले म्हणून कोणी रस्त्यावर येत नाही. पन्नास हेक्टरच्या वसाहतीसाठी आंदोलन होतं, आणि पाचशे चौरस मीटरच्या तुकड्यातुकड्यांनी तेवढीच वसाहत आंदोलनाविना उभी राहते. तिला ना जेटी, ना फरसबंद वाट, ना सांडपाण्याची वाहिनी. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्ध सगळा गोवा उठला, तो आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला. त्या विजयाचं कौतुक मलाही आहे. पण आराखडा हरवला आणि भराव जिंकला, असं आता वाटतं.

राहता राहिला घरांचा प्रश्न, आणि इथे भाचा मला गप्प करू पाहत होता. "मामा, मला पणजीत घर परवडत नाही. पुण्यात भाड्याने राहतो. तुम्ही सगळे वाचवा नद्या, आम्ही राहायचं कुठे?" खरं आहे त्याचं. पण त्याच्याच चित्रातली घरं त्याला परवडणार आहेत का? भराव, पाइल, नदीची भिंत, पंप, या सगळ्याचा खर्च एकेका चौरस मीटरवर चढणार, आणि वर नदीच्या देखाव्याचा दर. देखावा विकत घेणारा माणूस इथे राहणारा नसतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या पाचातलं जवळपास एक घर रिकामं होतं. वर्षभर खिडक्या बंद, डिसेंबरात दोन आठवडे दिवे. मांडवीकाठी आणखी दोन हजार घरं बांधल्याने भाच्याला घर मिळेल असं मानणं म्हणजे कसिनोची आणखी एक बोट नांगरली की मासळी स्वस्त होईल असं मानणं. त्याला घर मिळायचं असेल तर बंद घरांवर कर, जुन्या पणजीतल्या कोसळत्या घरांना भाडेकरूसकट उभं करण्यासाठी पैसा, आणि पाटोवर ज्या जागा आजही रिकाम्या किंवा अर्ध्या वापरात आहेत तिथे कचेऱ्यांच्या वर घरं, असले रुक्ष, चित्र काढता न येणारे उपाय लागतील. स्पर्धेत त्यांना बक्षीस नाही.

आणि कोचीजवळच्या मरडूचं काय झालं तेही पाहावं. किनाऱ्यालगत नियम डावलून चार गगनचुंबी वसाहती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची पुंजी घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून जानेवारी २०२० मध्ये दोन दिवसांत त्या स्फोटकांनी जमीनदोस्त झाल्या. परवाने देणारा कोणी त्या घरांत राहत नव्हता.

शेवटी आम्ही दोघं एका अटीवर येऊन थांबलो. मी म्हटलं, समज, तुझी वसाहत मंजूर झाली. मी एकच कलम घालीन. जो भरेल त्याने भरल्यामुळे जेवढी पाण्याची जागा गेली तेवढी त्याच खाडीवर दुसरीकडे खणून, बांध-मानशीसह द्यायची, आणि पुढची पन्नास वर्षं तिच्या राखणीचा पैसा आधीच बँकेत ठेवायचा. शेजारच्या वाड्यात पाणी शिरलं तर भरपाई त्या ठेवीतून, आणि भरावामुळे पाणी शिरलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी भरणाऱ्याची, वाड्यातल्या म्हातारीची नव्हे. गावकरीत बांध फुटला तर ज्याचं शेत आत आहे त्या प्रत्येकाला धावावं लागे, तसंच.

"मग कोणी बिल्डर येणारच नाही," भाचा म्हणाला.

"का?"

"परवडणार नाही."

म्हणजे आज जो भराव परवडतो आहे त्याचा खर्च कोणी तिसरा भरतो आहे. हे मी बोललो नाही, तोच थोडा वेळ गप्प बसला. मग लॅपटॉपवर कुठलीशी रेघ पुसून पुन्हा काढत राहिला. रायबंदरच्या बांध-रस्त्याच्या कमानी त्याच्या नकाशात दाखवल्याच नव्हत्या, त्या शोधत होता.

आजोळच्या मानशीचं कवाड गेल्या पावसात खालून कुजलं आहे. फणसाच्या दोन फळ्या लागतील, सुतार आगाऊ पैसे मागतो आहे, आणि शेतकरी संघाच्या खात्यात किती आहेत हे खजिनदारालाच नीट सांगता येत नाही. येत्या रविवारी बैठक आहे, भरती दुपारी आहे म्हणून सकाळी नऊला, बांधावरच. भाचा मुक्काम वाढवून येतो म्हणाला. लॅपटॉप घरी ठेव आणि बूट घालून येऊ नकोस, एवढं सांगितलं आहे.